विकतचे टोमॅटो

उन्हाळी शाळेचा आराखडा बाईंनी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिला होता. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंचं म्हणणं साधं होतं. सहा आठवडे, चाळीस मुलं आणि शाळेमागची पडीक जागा. मुलांनी स्वतः माती उकरायची, बी पेरायचं, पाणी घालायचं. खत कसं कुजवायचं ते माळीदादांकडून शिकायचं आणि बियाणं कसं राखायचं ते कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून.

मावशींचं नाव वाचून संचालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पालकांना काय सांगू? भाजीवाली शिकवते म्हणून?"

"तेच सांगा. तिला जे येतं ते तुम्हालाही येत नाही, नि मलाही."

मावशी आल्या, मुलांना आवडल्याही. तीन आठवडे वाफ्यात नुसती माती. चौथ्या आठवड्यात कोंब फुटले. सगळे जिला चिमणी म्हणत ती सात वर्षांची पोर आपल्या काकडीची दोन पानं रोज अंगठ्यानं मोजायची आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना वर्दी द्यायची.

पाचव्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. सकाळी बाई वाफ्यापाशी आल्या आणि थबकल्याच. कमरेएवढी टोमॅटोची झाडं, लालबुंद फळांनी लगडलेली, कवायतीसारखी ओळीनं उभी. एकाच्या बुंध्याशी माती सरकली होती, खाली दुकानातली काळी पिशवी तशीच.

"आमची रोपं कुठायत?"

माळीदादांनी मान खाली घातली. "काल साहेबांनी उपटायला सांगितलं. मी नाही म्हटलं, तर बाहेरून माणसं आणली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच त्या मंडपात गेल्या. संचालक माइक तपासत होते.

"अहो, नुसते कोंब बघायला कोण येतं?" ते हसले. "मुलं टोमॅटो तोडतील, फोटो झकास येतील. लेकरांना काय कळतंय!"

"लेकरांना कळतं. कळत नाही ते तुम्हाला."

तरी मुलांसमोर शोभा नको म्हणून बाई मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. कार्यक्रम सुरू झाला. "हे सगळं या चिमुकल्या हातांनी पिकवलंय!" संचालक म्हणाले. टाळ्या पडल्या.

चिमणी उभी राहिली. "नाही. मी काकडी लावली होती."

लोक हसले. आईनं तिला दंड धरून खाली ओढलं. "गप बस! चारचौघांत काय?"

आता मात्र बाईंना राहवेना. त्या उठल्या, एक झाड पिशवीसकट उपटलं आणि माइकसमोरच्या टेबलावर आणून आदळलं.

"हे काल दुकानातून आलंय. मुलांची रोपं उपटून फेकली. महिनाभर मी त्यांना सांगितलं, धीर धरा, झाड आपल्या वेळेनं वाढतं. तुम्ही एका दिवसात शिकवलंत, की धीर धरणारा मूर्ख आणि थापा मारणारा शहाणा. आणि खरं बोललेल्या पोरीला गप केलंत!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी कुरकुरलं, "एवढा तमाशा कशाला? मुलांना मजा आली ना." त्या एका वाक्याचा बाईंना जितका संताप आला, तितका संचालकांचाही आला नव्हता.

सोमवारी दोन ओळींचं पत्र हातात पडलं. उद्यापासून येऊ नये.

बाई थेट मावशींच्या गाड्यापाशी गेल्या. "माझ्या घरामागं तुकडा आहे," मावशी म्हणाल्या. "पण आधी दगड वेचावे लागतील. रडत बसू नका."

"रडत नाहीये. चिडलेय."

"मग बरंच की. भराभर निघतील."

चाळीसपैकी नऊ मुलं आली. चिमणीला सोडायला आलेली आई फाटकाशी घुटमळली. "त्या दिवशी मी तिला गप केलं. चुकलंच माझं."

असू दे, असं म्हणायचं बाईंच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो, चुकलंच," त्या म्हणाल्या आणि तिच्या हातात घमेलं दिलं.