मुकादमाचा कागद

मुकादमाचं खेचर चढ चढून येताना पोरांतल्या प्लासिदाला दिसलं, आणि तिनं बसल्या जागेवरून पायानंच राख विस्कटली. राखेत मी काढून दिलेली अक्षरं गेली. पाचही पोरांनी लोकर मांडीवर ओढली, बोटं पिंजायला लागली. माझीच बोटं तेवढी चालेनात.

आम्ही मेंढवाड्यात बसायचो. वस्तीला सांगितलेलं, कासिमिरा मावशी पोरांना लोकर पिंजायला शिकवते. शहरात एका मोठ्या घरी मी सात वर्षं मोलकरीण होते. त्या घरच्या लेकीला शिकवायला मास्तरीण यायची, आणि फरशी पुसता पुसता मी शिकायची. परत येताना त्या घरातून एवढंच चोरून आणलं.

चोरीच होती ती. डोंगरापलीकडच्या जमीनदारीत आगापितो वाचायला शिकला. एक दिवस मालकाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, इथं असं लिहिलेलं नाही. आता त्याची बायको त्याला हाताला धरून शेतावर नेते. त्याच्या डोळ्यांच्या जागी काय उरलंय, ते मी पाहिलंय.

म्हणून अक्षरांच्या जोडीनं मी पोरांना मेंढीचा खेळ शिकवला. वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. अक्षर दिसलं की डोळा धावतो, ओठ आपोआप हलतात. मी राखेत काहीतरी भयंकर लिहायची, घर जळालं, आई मेली, आणि पोरांनी त्याकडे मेंढीसारखं बघायचं.

मेंढी गं मेंढी, बघतेस काय?
दगड बघते, गवत नाय.
मेंढी गं मेंढी, कळलं काय?
वारा कळला, बाकी नाय.

ज्याची पापणी हलली तो हरला. मेल्चोरा नेहमी जिंकायची. सात वर्षांची, सगळ्यांत धाकटी.

सेनोन मुकादम खेचरावरून उतरला. गालात कोकाच्या पानांचा तोबरा, मनगटाला चाबूक. तो आमच्यातलाच. आमच्याच भाषेत जन्मला, त्यामुळे त्याच्यापासून काही लपवणं फार अवघड.

"काय गं कासिमिरा, शहरातल्या बाईसाहेब! शाळा भरवलीय का?"

"लोकर आहे, मुकादम. बघा की."

त्यानं माझ्यापुढची लोकर चाबकाच्या दांड्यानं उचलली. "पाच जणांची एवढीच? माझी म्हातारी झोपेत ह्याच्याहून जास्त पिंजते."

"लहान आहेत. हात दुखतात त्यांचे."

"हात दुखतात, का डोळे?"

त्यानं पोरांना ओळीनं उभं केलं, टोपीतून घडी घातलेला कागद काढला आणि एकेकाच्या तोंडासमोर धरायला लागला. नजर कागदावर नव्हती त्याची. पोरांच्या ओठांवर होती.

मी बाजूला उभी होते. तिरक्या नजरेनं वाचलं. दोन ओळी, ठळक शाईच्या. वरची ओळ वाचली आणि माझी चूक कळली. मी पोरांना आगींची, मरणाची सवय लावली होती. त्यानं लिहिलं होतं: नाचता नाचता पाद्रीबाबांची विजार सुटली.

निकासियो दगडासारखा उभा राहिला. प्लासिदा लोकरीचा धागा चघळत राहिली. जुळ्या भावांपैकी एकानं विचारलं, "हे काय आहे? खायचं?"

"गप, हावरटा," मुकादम म्हणाला.

मग मेल्चोरा. तिचे डोळे अडखळले, पुढं सरकले, थांबले. नाकपुड्या फुगल्या. गालात दाबून धरलेलं हसू शेवटी फसकन बाहेर आलं.

मुकादम तिच्यापुढं उकिडवा बसला. आवाज एकदम मऊ.

"का हसलीस गं बाळा?"

आणि त्यानं अंगठा तिच्या डोळ्याखाली ठेवला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. खोटं का होईना, काहीही. मी मनातल्या मनात भिंत किती लांब आहे ते मोजत होते. खरं सांगते, पळायचं ठरवत होते.

"सांग ना."

"मुकादम," मेल्चोरा म्हणाली, "तुमच्या हनुवटीवरून हिरवी लाळ गळतेय. आमच्या ओझं वाहणाऱ्या म्हाताऱ्या लामासारखी."

त्याचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. लाळ होतीच. निकासियो फिदीफिदी हसला, मग जुळे. थपडेनं मेल्चोरा लोकरीत जाऊन पडली. वर चाबकाचे दोन फटके. "आईबापानं काही वळण लावलंय का नाही कार्टीला!"

"पाया पडायला लावते तिला," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

त्यानं कागद आमच्या पायाशी टाकला आणि खेचरावर चढला.

कुणी वाकलं नाही. वळणावर खेचर थांबलं होतं, तोंड आमच्याकडे. कागद अक्षरं वर करून फडफडत होता आणि पाच पोरं खालच्या सरोवराकडे बघत लोकर पिंजत होती. खेचर दिसेनासं झालं, वाऱ्यानं कागद उडवून नेला, तरी तशीच.

मग मेल्चोरा माझ्याजवळ सरकली. एक डोळा सुजून मिटला होता.

"मावशी, खाली अजून एक ओळ होती. तेवढी राहिली माझी."

"काही नव्हतं तिथं."

"होतं. तुझं तोंड पांढरं पडलं. तू हरलीस."

"त्यानं पाहिलं?" मी विचारलं. सात वर्षांच्या पोरीला मी विचारलं.

"तो माझ्याकडे बघत होता. तुझ्याकडे कुणाचं लक्ष?"

तिला वाचायला शिकवून वर खोटं कसं सांगायचं? "लिहिलं होतं," मी म्हणाले, "शिकवणारीचे डोळे आधी."

केसांत अडकलेली लोकर ती एकेक पुंजका करून काढत राहिली. "मग उद्या इथं नको. लव्हाळ्यात बाबांची होडी असते. वरून दिसत नाही ती."

उद्या नाहीच, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. तिच्या गालावर पाच बोटं उठली होती, आणि उरलेल्या एका डोळ्यानं ती माझ्या ओठांकडे बघत होती.

लोकर गोळा करता करता मी सांगितलं, "उन्हं आल्यावर या. एकेकटे या."