भिंतीवरची शिरगणती

पूर्वी देशातले सगळे प्राध्यापक एका सभागृहात मावत, आणि तरी मागच्या खुर्च्या छत्र्या ठेवायला मोकळ्या राहत, असं सर सांगायचे. मग विद्यापीठं वाढली, प्राध्यापक वाढले. सरांच्या एकट्या खगोल विभागात नऊ जण झाले. मग भरती थांबली, पण विद्यापीठं काही थांबली नाहीत. जुन्या आवाराच्या मधोमध भिंत घातली गेली आणि पलीकडे नवं विद्यापीठ उभं राहिलं. शिकवायला माणसं मात्र तीच, तासावर ठरवलेली. एक तास इकडे, पुढचा तिकडे.

त्यातलीच एक भिंगरी. तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. ती तीन ठिकाणी शिकवायची. दोन ठिकाणी व्याजाची गणितं, आणि फक्त सरांकडे तारे. त्या ताऱ्यांच्या तासासाठी ती उरलेला आठवडा हसत ओढायची.

देशात प्राध्यापक नक्की किती, ते आता कुणालाच सांगता येईना. मंत्रालय म्हणायचं भरपूर, संघटना म्हणायची शोधूनही सापडत नाहीत. कारण भिंगरीला तिन्ही ठिकाणी मोजलेलं!

"आमच्या घरी एकच येते," तिचे सासरे म्हणायचे. "बाकीच्या दोघींना स्वयंपाकाला तरी पाठव."

शेवटी फर्मान निघालं. एकाच दिवशी, अकराच्या भोंग्याला देशभर मोजणी. भोंगा वाजत राहील तेवढ्या वेळात ज्याचं डोकं ज्या आवारात, तो तिथला. मोजलेल्याच्या कपाळावर निळा शिक्का. आणि ज्या विभागात दोन डोकी भरणार नाहीत, त्याला कुलूप.

खगोल विभागात सर होते आणि भिंगरी होती. संपलं.

आता मोजायला माणसं हवीत. सरकारला असली माणसं हवी असली की तासावरचे आठवतात. भिंगरीला फोन आला आणि ती हो म्हणून बसली. तासावरच्या माणसाची नाही म्हणायची सवयच मोडलेली असते. फोन ठेवल्यावर तिला घोळ कळला. आपलं आवार आपण मोजायचं नाही असा नियम होता, आणि तिच्या वाट्याला भिंतीपलीकडचं नवं विद्यापीठ आलं होतं. म्हणजे अकराला ती तिकडे, आणि इकडे सर एकटे.

"बाबा, मी काय करून बसले हो!"

"मग कळव नाही म्हणून," सासरे म्हणाले. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यांना सगळं सरळ दिसे.

"कळवलं तर पुढच्या वर्षी एक तास मिळायचा नाही."

"सर काय म्हणतात?"

"दुर्बिणीवर घालायला खोळ शिवायला टाकलीय म्हणाले."

"बरं, तुमचं आवार कोण मोजतंय?"

"काडी."

काडी म्हणजे नव्या विद्यापीठात झाडंपानं शिकवणारा, काडेपेटीत मावेल असा मुलगा. त्याच्याही विभागात मोजून दोनच डोकी. म्हणजे तो हिच्या आवारात, ही त्याच्या आवारात, आणि दोघांचेही विभाग बुडाले.

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं सूनबाई, मध्ये भिंत आहे ना? मग बसा की तिच्यावर!"

मोजणीच्या दिवशी सासऱ्यांनी स्कूटरवर शिडी बांधून आणली. भिंगरी भिंतीवर चढली आणि पाय नव्या आवारात सोडून बसली. शेजारी काडी, पाठमोरा, त्याचे पाय जुन्या आवारात. दोघांचेही पाय कामावर हजर. बाकीच्या प्राध्यापकांना भिंतीलगत रांगेत उभं केलं होतं. दोन्हीकडचे मिळून एक बस भरली नसती, सासरे म्हणाले.

भोंगा वाजू लागला. भिंगरीने वाकून तिकडची कपाळं धडाधड रंगवली, काडीने इकडची. सरांच्या कपाळावर शिक्का जरा तिरका बसला. मग काडी मागे रेलला, त्याचं डोकं नव्या आवारात लोंबलं आणि भिंगरीने त्यावर ठप्पकन शिक्का हाणला.

तेवढ्यात नव्या आवारात तपासनीस बाई आल्या.

"हे काय चाललंय? उतरा खाली!"

"उतरले तर सरांकडे एकच डोकं राहतं, मॅडम!"

"तुमची ड्यूटी इथे आहे."

"मग हे पाय कुणाचे? तुमच्याच आवारात आहेत की!"

बाईंनी नियम आठवून पाहिला. पायांबद्दल त्यात काही नव्हतं. "डोकं अख्खं पलीकडे गेलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "कानापर्यंत चालणार नाही."

भिंगरी मागे रेलू लागली. खाली सासरे दोन्ही हात हलवत ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे दाबा!"

"अजून थोडी!" सर बोटांवर उभे राहून म्हणाले. "नाक आलं, कान आले..."

"काडी, मार ना रे!"

"हलू नका, ताई, डोळ्यात जाईल!"

ठप्प! शिक्का बसला. भोंगा थांबला. आणि भिंगरीचा तोल गेला.

पाय वर, पदर तोंडावर, अशी ती जुन्या आवारात सरांच्या अंगावर आदळली. दोघं गवतात आडवे. भिंतीवरून तपासनीस बाईंचं डोकं वर आलं.

"तुम्ही ड्यूटी सोडलीत!"

"भोंगा थांबल्यावर पडल्या," काडी म्हणाला. "मी साक्षीला आहे."

बाईंनी खाली पाहिलं. दोन निळी कपाळं गवतातून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी गंभीर राहायचा फार प्रयत्न केला, पण ओठ काही ऐकेनात. "दोन," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि तोंडावर रुमाल धरून शिडी उतरल्या.

भिंगरी उठायला गेली.

"उठू नकोस," सर म्हणाले. त्यांचा चष्मा एका कानाला लटकत होता. "आता शुक्र बरोबर आपल्या डोक्यावर आहे. नीट बघितलंस तर दिवसासुद्धा दिसतो."

"कुठे?" सासरे विचारते झाले, आणि तेही गवतात आडवे झाले.