उत्तरार्धातला माणूस

जुन्नरच्या पेठेत पारसमल शेठचं कापडाचं दुकान आहे आणि समोरच्या बोळात सत्तारभाईंचं पुस्तकबांधणीचं. दोघांनाही कादंबऱ्यांचं वेड, आणि दोघांनाही धीर म्हणून नाही. त्यामुळे फार वर्षांपूर्वी त्यांनी आपसात एक रीत पाडून घेतली होती. पुण्याहून नवी कादंबरी आली की सत्तारभाई आधी तिची शिवण उसवायचे, बरोबर मधोमध दोन भाग करायचे आणि दोन्हींना खाकी कागद चढवायचे. पूर्वार्ध पारसमल नेणार, उत्तरार्ध सत्तारभाई. वाचून झाले की अदलाबदल. मग पुस्तक पुन्हा शिवून, नवा पुठ्ठा लावून कपाटात.

असं वाचण्यातली गंमत निराळीच. पारसमलना नायक भेटायचा तो लहानपणापासून. त्याला कशाची भीती, कशाची ओढ, आईनं कधी मारलं, मास्तरांनी काय म्हटलं, सगळं ठाऊक. तो पुढं काय करणार ते मात्र ठाऊक नाही. सत्तारभाईंना तोच माणूस भेटायचा एकदम त्याच्या करणीसकट, मागचंपुढचं काही न कळता. म्हणून भांडणं व्हायची.

"शेठ, तुमचा नायक एक नंबरचा भेकड हाये," सत्तारभाई खळीचा ब्रश बाजूला ठेवून म्हणायचे.

"भेकड नाही हो. त्याचे वडील लहानपणीच..."

"वडील ऱ्हाऊ द्या. बायकूला फसवलं का न्हाई त्यानं?"

"फसवलं?" पारसमलचा चेहरा उतरायचा. "कधी? नको, नको, सांगू नका!"

पारसमलना कुठल्याही नायकावर मनापासून रागावता आलं नव्हतं ते यामुळेच.

यंदा श्रावणात सत्तारभाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून, हातानं चाचपत त्यांनी नव्या कादंबरीचे दोन भाग केले आणि त्या गडबडीत उत्तरार्ध पारसमलच्या हातात गेला. पारसमलनी गादीवर बसून खाकी कागद उघडला तर पहिलीच ओळ अर्ध्या वाक्यापासून सुरू. चूक त्यांच्या लगेच ध्यानात आली. पण सत्तारभाईंना आपलं दिसणं कमी झालंय हे जाणवून द्यायचं कसं? आजारातून उठलेल्या माणसाला वाईट वाटेल. पारसमल परत गेलेच नाहीत. वाचायला लागले.

दिवाकर नावाचा कुणी एक माणूस धरणाकाठच्या विश्रामगृहात राहतो आहे. घरचे फोन उचलत नाही. सकाळी भिंतीवर बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकतो. म्हातारी आई एवढा प्रवास करून येते तर खानसाम्याकरवी सांगतो, साहेब नाहीत. का, ते कुठंच नाही. कारण सगळं मागच्या पानांत, आणि मागची पानं बोळात, सत्तारभाईंच्या उशाशी.

पारसमलना जन्मात पहिल्यांदा एका नायकाचा राग आला. आई दारातून परत जाते आणि हा पडद्याआडून बघतो! असा कसा माणूस? ते पुस्तक मिटायचे आणि पुन्हा उघडायचे. काहीतरी असणार. उगाच कोण असं वागतं? दिवाकरला कुणीतरी दुखावलं असेल, किंवा त्यानंच कुणाला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि पारसमल कापड मोजायचा मीटर हातात धरून दिवाकरची बाजू शोधत असायचे.

दुपारी पेठ सुस्तावली, मांजरपाटाच्या ताग्यांवर मळभाचा पांढुरका उजेड पडला, की त्यांचा डोळा लागायचा. मग पाणी दिसायचं. काठोकाठ भरलेलं, हललं तरी आवाज न करणारं. भिंतीवर दिवाकर पाठमोरा बसलेला असायचा. पारसमल चालत जायचे, पण भिंत लांबत जायची. एकदा ते अगदी जवळ पोचले. त्याच्या अंगातला बारीक चौकडीचा शर्ट त्यांनी ओळखला. तो कपडा आपल्याच दुकानातला, दुसऱ्या फळीवरचा. "अहो," त्यांनी हाक मारली, "तुम्ही का गेलात?" पाठमोऱ्या माणसानं मान थोडी वळवली. कानामागं देवीच्या टोचणीसारखा बारीकसा वण होता. लहानपणी मीटरच्या टोकावर पडून झालेला.

पारसमल दचकून जागे झाले. तो वण विपुलच्या कानामागं होता.

विपुल त्यांचा मुलगा. तीन-एक वर्षांपूर्वी, भर सकाळी, त्यानं दुकानाच्या किल्ल्या गादीवर ठेवल्या आणि "येतो" म्हणून निघून गेला. पारसमलना वाटलं, चहाला गेला. तो गेला थेट येडगावला. धरणाजवळ जमीन भाड्यानं घेऊन टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांची नर्सरी टाकली. महिन्याभरात बायको रिंकूही तिकडं गेली. कस्तुरबाई, म्हणजे विपुलची आई, घोडेगावला माहेरी जाता-येता मुलाकडं वाट वाकडी करायच्या. पारसमल एकदाही गेले नाहीत. पेढी सोडून जातो म्हणजे काय, बापाला सांगायचंसुद्धा नाही! पुढं पुढं राग ओसरला, पण मग जायचं कसं आणि गेल्यावर बोलायचं काय, हे सुचेना.

संवत्सरी दोन दिवसांवर आली तशी कस्तुरबाई म्हणाल्या, "यंदा मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवू नका. समक्ष जा. तो दिवाळीनंतर नाशिककडं जायचं म्हणतोय, मोठी जागा बघितलीय. एकदा तिकडं गेला ना, की आपल्या हातचा नाही राहायचा."

"मी काय करू तिथं जाऊन?"

"सगळ्या गावाला मिच्छामि दुक्कडम् म्हणत फिरता. त्यालाही म्हणा."

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागायची, कळत-नकळत दुखावलं असेल त्याबद्दल, ही त्यांच्या जैन समाजातली पद्धत. पारसमल सकाळी पारणं करून दुपारी निघाले आणि सवयीनं आधी बोळात शिरले.

"मिच्छामि दुक्कडम्, सत्तारभाई."

"माफ केलं," सत्तारभाई काळ्या चष्म्याआडून हसले. "तुमचं बरं हाये शेठ. नेमकी चूक कोन्ती ते सांगायचंच न्हाई. एका दमात वर्साचा हिशोब साफ."

"बसू का जरा?"

"बसा की. आनि आता सांगून टाका. उलटा भाग दिला ना मी? मला दुसऱ्याच दिशी समजलं. म्हटलं, शेठ येतील बदलाया. तुमी कशाला येताय! मराल पन बोलायचं न्हाई, असला सोभाव."

पारसमल ओशाळले. "तो दिवाकर... तो असा का वागतो हो? एवढं एकच सांगा."

"अहो, लई भला मानूस! आईचे पाय चेपतो, भनीचं लगीन लावून देतो. मला तर घरचाच वाटाया लागलाय."

"मग जातो का?"

"ते न्हाई आलं. कारन असं कायच न्हाई पयल्या भागात."

"असं कसं? लेखकानं कुठंतरी लिहिलंच असेल. तुम्ही नीट बघितलं नसेल."

"डोळा गेलाय शेठ, डोकं न्हाई," सत्तारभाई म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुमी त्या दिवाकरचं कारन इचारत माझ्या दारात बसलाय. विपुलला कधी इचारलं का, बाबा का गेलास? त्याचा पयला भाग तर तुमच्याच घरात व्हता."

पारसमल उठले. पाय त्यांना स्टँडवर घेऊन गेले, एवढंच खरं. नारायणगावच्या गाडीत बसल्यावरही त्यांना वाटत होतं, हे आपण करत नसून कुणीतरी करवून घेतंय, आणि पुढच्या पानावर काय आहे ते आपल्याला माहीत नाही. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव मागं सरकत होते. नारायणगावाहून रिक्षा केली. रिक्षावाले गेणभाऊ बोलके होते.

"पावणं, विपुलशेठच्या नर्सरीवर ना? रोपं लई चांगली. तुमी त्यांचे कोन?"

"वडील," पारसमल म्हणाले, आणि तो शब्द त्यांना परका वाटला.

"असं व्हय? कधी दिसला न्हाई इकडं, म्हनून इचारलं."

नर्सरी म्हणजे हिरव्या जाळीचा एक लांबच लांब मांडव होता. आत पाण्याखाली असावं तसा उजेड. काळ्या ट्रेमध्ये बोटभर उंचीची रोपं, रांगेमागं रांग, नजर पोचेपर्यंत. वरून बारीक फवारा पडत होता आणि त्या धुक्यात कुणीतरी पाठमोरं वाकलेलं होतं. स्वप्नातल्या भिंतीसारखा हा मांडवही लांबत जाईल की काय, अशी पारसमलना धास्ती वाटली. पण आठ-दहा पावलांतच ते पोचले. विपुलनं मागं वळून पाहिलं. दाढी वाढलेली, कानाजवळ केस पिकलेले. हे केव्हा पिकले?

"पप्पा?" तो म्हणाला. "मम्मी बरी आहे ना?"

"बरी आहे." पारसमलनी हात जोडले. रिक्षात घोकलेलं सगळं विसरलं होतं. एवढंच उरलं होतं. "मिच्छामि दुक्कडम्."

विपुलनं हात जोडले नाहीत. हातातला ट्रे त्यानं हळूच खाली ठेवला.

"कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारावं तसं विचारलं. शेकडो नायकांचे दोष पारसमलना सांगता आले असते. अमका हट्टी, तमका आत्मवंचक, फलाणा आईच्या प्रेमाला भुकेला. हा समोरचा माणूस तीस-पस्तीस वर्षं आपल्या ताटाला ताट लावून जेवला आणि आपण त्याचं काय बिघडवलं हे आपल्याला ठाऊक नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू का गेलास, हे मला कधी कळलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतोय."

विपुलनं फवारा बंद केला. रिंकू पदराला हात पुसत मांडवाच्या तोंडाशी आली, सासऱ्यांना बघून थबकली आणि प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणून ठेवून गेली.

"घाटघरची सोनीबाई आठवते?" विपुलनं सुरुवात केली. "नाचणी विकून वर्षाला एक लुगडं घ्यायची."

"नाही."

"ती एकदा लुगडं बघता बघता मला म्हणाली, 'शेठ, तोंड का उतरलंया? काय व्हतंय तुला?' मी आत ताग्यांच्या खोलीत गेलो आणि रडलो. का रडलो ते मलाच माहीत नव्हतं. सहा महिने झोप नव्हती मला. डोंगरातल्या बाईला दिसलं. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर बसला होतात. वाचत."

पारसमलच्या मनात पहिला विचार आला तो हा, की तेव्हा आपण कोणती कादंबरी वाचत होतो. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. लगोलग दुसरा विचार आला. "म्हणजे तुला बहुतेक असं वाटत असणार, की..."

"पप्पा, मधे बोलू नका. तुम्ही लगेच अर्थ लावता. अजून मी सांगितलं कुठंय?"

"बरं," पारसमल म्हणाले.

विपुल सांगू लागला. ते सरळ नव्हतं. मधेच शाळेतलं काही यायचं, मधेच गेल्या उन्हाळ्यातलं, मधेच नुसतंच "जाऊ दे" म्हणून तो थांबायचा, आणि पारसमल पुढचं वाक्य जिभेवर आलेलं गिळायचे. एका ठिकाणी तो म्हणाला, "तुम्ही वाईट नव्हता हो. तुम्ही नव्हताच." आणि ते ऐकूनही पारसमलनी आपली बाजू मांडली नाही. नाशिकचं विचारायचं त्यांच्या मनात होतं. तेही त्यांनी विचारलं नाही.

जाळीतून येणारा हिरवा उजेड हळूहळू काळसर होत चालला. रिंकू दोनदा येऊन गेली. घरात सूर्यास्तानंतर सासरे पाण्याशिवाय काही घेत नाहीत, हे तिला माहीत होतं. तिसऱ्या खेपेला ती ताट घेऊनच आली.

"पप्पा, आधी दोन घास खाऊन घ्या. दिवस मावळतोय. मग उद्या सकाळपर्यंत उपाशी राहाल."

विपुल बोलता बोलता थांबला. "जेवा, पप्पा. बाकीचं पुन्हा कधीतरी."

पारसमलनी ताटाकडं पाहिलं, पलीकडं धरणाच्या पाण्यावर टेकलेल्या सूर्याकडं पाहिलं. मग खुर्ची आणखी थोडी पुढं ओढली.

"मावळू दे," ते म्हणाले. "तू सांग. सोनीबाई त्या दिवशी आणखी काय म्हणाली?"