बानोनाचं पाठांतर

“तोंड मिटून दळता येत नाही का तुला?”

कातुमार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अंगाभोवती गुंडाळलेल्या नव्या रोमन टोग्याची कड पिठात माखू नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी वर धरली होती, नदी ओलांडणाऱ्या बाईसारखी. बानोनाने जात्याचा खुंटा सोडला नाही.

“येतं की,” ती म्हणाली. “पण मग पीठ जाड पडतं.”

शेजारी कांदे चिरत बसलेली लित्ता फिस्सकन हसली आणि लगेच डोळे पुसू लागली, कांद्याचं निमित्त करून.

“हसण्यावारी नेऊ नकोस, बानोना. उद्या रोमचे अंमलदार प्रिस्कससाहेब मुक्कामाला येतायत. वीस वर्षं आपल्या या गॉलमध्ये काढलीत त्यांनी. आपली भाषा त्यांना तुझ्यामाझ्याइतकीच कळते. या तुझ्या गुणगुणण्यातला एक शब्द त्यांच्या कानावर गेला तर माझं काय होईल, कळतं का?”

“शब्द माझ्या तोंडातला, आणि होणार तुझं?”

“मी या गावाचा नगराधिकारी आहे!”

“ठाऊक आहे. घरातसुद्धा त्या कापडात गुंडाळून फिरतोस, विसरणार कशी?”

या घरात कातुमारला अरे-तुरे करणारी माणसं दोनच उरली होती. एक वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली त्याची आई सेनोवारा, जिला सगळे थोरल्या बाई म्हणत, आणि दुसरी ही दळण दळणारी बाई. तिला हाकलावं असं त्याच्या मनात अनेकदा आलं असेल. पण ज्या बाईच्या टोपलीतून आपण लहानपणी गरम भाकरी पळवल्या, तिला हाकलायला जरा जास्त निबर कातडी लागते. तो पाय आपटत निघून गेला. जातं पुन्हा फिरू लागलं आणि त्याबरोबर बानोनाचे ओठही.

ती हे कुणाकडून शिकली, असं विचारलं तर उत्तर सोपं होतं. कुणाकडूनच नाही. ओकच्या रानात द्रुइड गुरूंची, म्हणजे गॉलच्या जुन्या धर्माच्या पंडितांची, शाळा होती, तेव्हा बानोना तिथे दळायला होती. अठराव्या वर्षी गेली आणि वीस वर्षं राहिली. सरदारांची चाळीस पोरं झाडाखाली बसत. थोरले गुरुजी एक ओळ सांगत, आणि पोरं ती दिवसभर घोकत. लिहायला बंदी होती. पाटीवर उतरलेली विद्या डोक्यातून उतरते, असं गुरुजी म्हणत. झोपडीमागे जातं होतं. बानोनाला कुणी शिष्य मानलं नाही, आणि कुणी तिचे कान बांधूनही ठेवले नाहीत. पोरं चुकायची, गुरुजी ओरडायचे, आणि झोपडीमागे बानोना मनातल्या मनात बरोबर ओळ म्हणून मोकळी व्हायची.

पण ती ओळ नुसती कानात राहिली नाही, आत रुतली, ती नेर्ता गेली तेव्हा. नेर्ता तिची एकुलती एक पोर, सहा वर्षांची. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपलं. थोरले गुरुजी पाठ अर्ध्यावर टाकून उठले. सरदारांच्या मयताला घोड्यावरून जाणारा तो माणूस जात्यापाशी पिठातच फतकल मारून बसला. दळणारणीच्या पोरीचं डोकं त्याने मांडीवर घेतलं, कारण जीव डोक्यात राहतो आणि निघताना त्याला शब्द ऐकू येतात. मग मयताचा पाठ त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला, एक अक्षर न गाळता. उठताना तो बानोनाला म्हणाला, “रडायचं तर रड. पण ती संपली म्हणून रडू नकोस. तसं काही झालेलं नाही.”

त्यानंतर अकरा वर्षांनी रोमच्या सम्राटाचा हुकूम आला. द्रुइड नकोत, त्यांची शाळा नको, त्यांची विद्या नको. सैनिकांनी गुरुजींना हात बांधून नेलं, ओक तोडले. पोरं पांगली. त्यातला बारा वर्षं शिकलेला कातुमार लॅटिन शिकला, दाढी काढली आणि यथावकाश नगराधिकारी झाला. बानोनाने आपलं जातं उचलून त्याच्या घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्या बाईंनी दोघांना वर बोलावलं. श्वास घशात अडकत होता, पण जीभ शाबूत होती.

“माझ्या वेळेला कोण म्हणणार?” त्यांनी मुलाला विचारलं.

“आई, आता तसं कुणी करत नाही. तुझ्यासाठी मी शिळा सांगितलीय. चांगली गुळगुळीत. तुझं नाव कोरायचं त्यावर.”

“नाव कशाला दगडावर? मी काय दगडात राहायला जाणाराय?”

“आई...”

“बारा वर्षं शिकलास ना रे तू? बारा वर्षं तुला डुकराच्या मांड्या पाठवल्या मी त्या रानात.”

“विसरलो मी सगळं,” कातुमार म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

बाईंनी मान वळवली. “बानोना, तू म्हणशील?”

“म्हणेन.”

“लोकांसमोर?”

“मग काय, रांजणात तोंड घालून?”

थोरल्या बाई हसल्या आणि हसता हसता खोकल्या. कातुमार खाली गेला. तो गेल्यावर बाईंनी हात पुढे केला. “तुझ्या पोरीला काही निरोप आहे का? जातेच आहे तर नेते.”

बानोनाने तो हातात घेतला. “ती तिकडे मोठी झाली असेल आता,” ती म्हणाली. “सदतीस वर्षांची. कशी ओळखाल? तिच्या कपाळावर डाग होता.”

“देह नवा मिळतो गं. डाग कसला राहतोय.”

“मग हसण्यावरून ओळखा. हसताना तिला उचकी लागायची.” बानोनाने झग्याच्या टोकाने बाईंच्या ओठांवरची ओल टिपली. “आणि सांगा, आई येतेय म्हणावं. जरा हात रिकामा झाला की येतेय.”

दिवस मावळायच्या आत थोरल्या बाई गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी सरण रचलं. सगळा गाव लोटला होता. कातुमारच्या उजव्या हाताला प्रिस्कससाहेब, त्यांच्यामागे सहा सैनिक. भाड्याने आणलेला बासरीवाला रोमन पद्धतीचं काहीतरी रडवं वाजवत होता. घरातल्या बायका एकेक करून पुढे गेल्या आणि सरणापाशी वाकून कुजबुजल्या. कुणी गेलेल्या नवऱ्याला निरोप दिला, कुणी बापाला. साहेबांनी नुसती भुवई उंचावली. बायकांची कुजबुज जगात कुठेही चालतेच.

मग बानोना पुढे झाली. तिने वाकून थोरल्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवला, ताठ उभी राहिली आणि आवाज लावला. तो काही गोड आवाज नव्हता. चाळीस वर्षं जात्याच्या घरघरीवर चढवलेला आवाज तो, पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करतील असा.

“इथं दिवा मालवला, तिथं चुलीपाशी लावला;
इथं हुंदका फुटला, तिथं पाळणा हलला.”

बासरी थांबली. गावातल्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. वीस वर्षांत हे शब्द कुणी उघड्यावर ऐकले नव्हते.

“हे काय आहे?” प्रिस्कससाहेबांनी विचारलं.

कातुमार घाईने पुढे झाला. “काही नाही साहेब. आमच्या स्वयंपाकघरातली बाई आहे. जात्यावरची गाणी म्हणते. अडाणी आहे बिचारी.” आणि बानोनाकडे वळून, डोळ्यांनीच हात जोडत तो म्हणाला, “हो ना गं? जात्यावरचंच गाणं ना हे?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. हुकूम गुरूंवर होता, दळणाऱ्या बाईवर नव्हता. लित्ता मागून तिचा झगा ओढत होती.

बानोनाने सरणाकडे पाहिलं. पिठात फतकल मारून बसलेला तो माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. त्याला काय म्हणून सांगायचं, की तुझी विद्या मी गाणं म्हणून खपवली?

“नाही,” ती म्हणाली. “गाणं नाही हे. ओकच्या रानातली विद्या आहे. थोरल्या गुरुजींची. मला सगळी येते, साहेब, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बंदी कशावर घातलीत ते कधी ऐकलंही नसेल तुम्ही. आता ऐका.”

आणि तिने पुढची ओळ उचलली. साहेबांनी बोट हलवलं. एका सैनिकाने तिचा दंड धरला, दुसऱ्याने तोंडावर हात दाबला. ती पाय रोवून उभी राहिली, पण साठीला टेकलेली बाई किती रोवणार? ते तिला ओढत गाड्यांच्या दिशेने घेऊन गेले. मयताच्या पाठातल्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. पेटता पलिता हातात धरलेल्या माणसाला कळेना, लावायचा की थांबायचं.

तेवढ्यात एक घोगरा आवाज आला.

“वाट मधेच वळते, वाट संपत नाही;
वळणामागं गेलेला माणूस दिसत नाही.”

कातुमार सरणाकडे बघत म्हणत होता. बानोनाने तोंडावरच्या हाताला कडकडून चावा घेतला. सैनिक शिवी हासडून मागे सरला.

“‘दिसत नाही’ नव्हे, गाढवा!” ती गाड्यांपासून ओरडली. “दिसत नाही ते आंधळ्यालाही कळतं! ‘संपत नाही’! गुरुजींनी किती वेळा मारलं तुला त्या ओळीसाठी!”

गर्दीत कुणीतरी हसलं, कुणीतरी हुंदका दिला. कातुमारने डोळे मिटले.

“वळणामागं गेलेला माणूस संपत नाही,” तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच पलिता घेऊन सरणाला लावला.

प्रिस्कससाहेबांनी ज्वाळांवरून नजर काढली. “मुलगा आईच्या सरणापाशी काय बडबडतो, ते मी ऐकत नसतो,” ते म्हणाले. “बाईचं मात्र मी ऐकलं.”

निकाल झाला. सूर्यास्ताच्या आत मुलूख सोडायचा, पुन्हा पाऊल टाकायचं नाही. नगराधिकारी म्हणून हुकूम कातुमारनेच वाचला. त्याचा आवाज फारसा निघत नव्हता, म्हणून बानोना म्हणाली, “मोठ्याने वाच. मागच्यांना ऐकू येऊ दे, कशासाठी काढलं ते.”

निघताना तो गावाच्या फाटकापर्यंत आला. आईची लोकरी शाल त्याने बानोनाच्या खांद्यावर टाकली.

“म्हण बघू परत,” ती म्हणाली.

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि दोन्ही ओळी म्हटल्या, हळू, पण बरोबर.

“आता लित्ताला शिकव,” ती म्हणाली. “तिचे कान चांगले आहेत. आणि ते जातं तिला दे.”

सीमेपर्यंत पोचवायला एक सैनिक दिला होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा जमातीतला, पन्नाशीचा, गुडघ्यातून लंगडणारा. सबंध वाटेत तो एक शब्द बोलला नाही. बानोना मात्र पहिल्या ओळीपासून सुरू झाली होती. एवढ्या गडबडीत एखादी ओळ गळली तर नाही ना, हे तिला बघून घ्यायचं होतं. ओळी पुष्कळ होत्या. नदी मागे पडली, राईची शेतं मागे पडली, ऊन तिरपं झालं. सैनिकाची चाल हळू होत गेली. गुडघा दुखत असेल, असं तिला वाटलं.

सीमेचा दगड आला तेव्हा ती एका लांबलचक कडव्याच्या ऐन मध्यावर होती. इथून त्याने परत फिरायचं होतं. तो फिरला नाही. तिचं गाठोडं हातात धरून, शिरस्त्राण काखेत घेऊन, दगडापाशी उभा राहिला. कडवं पुरं झालं. मग त्याने गाठोडं तिच्या खांद्याला नीट अडकवलं, पट्टा घट्ट केला आणि आल्या वाटेने लंगडत निघाला.