गोजराबाईंची साक्ष

ही हकीकत कुणाला खरी वाटणार नाही; पण त्या सकाळी बोम्मसंद्र्याच्या पंप कारखान्यात अनुसूयाबाईंच्या हातातली गार झालेली कॉफी नुसत्या रागानं पुन्हा उकळली.

बनशंकरीहून येणाऱ्या अनुसूयाबाई कारखान्याचं नेटवर्क सांभाळत. नव्या पंपाची ड्रॉइंग्ज बाहेर फुटली आणि आळ आला मनस्विनीवर, नागपूरहून नुकत्याच आलेल्या त्यांच्या हाताखालच्या पोरीवर. चोरी तिच्या पासवर्डनं झाली, एवढाच पुरावा.

"अक्का, मी नाही हो काही केलं!"

"ठाऊक आहे गं. स्वल्प थांब. आधी डोळे पूस."

बाईंनी कुणाला न सांगता एक खोटा सर्व्हर उभा केला. खोटी ड्रॉइंग्ज, खोट्या याद्या, वर नाव 'अत्यंत गोपनीय'. तिथं कुणाचंच काम नव्हतं. शिरेल तो चोर. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चोर शिरला आणि सगळं चाटूनपुसून घेऊन गेला. पासवर्ड पुन्हा मनस्विनीचाच! पोरगी तर तेव्हा बाईंच्या शेजारी बसून चित्रान्न खात होती. बाई अशा तापल्या, की खोलीतल्या एसीनं शेपूट घातलं.

दुसऱ्या दिवशी मालक त्रिविक्रमअण्णांनी सगळ्यांना बोलावलं. मॅनेजर सुमंत मनस्विनीचा राजीनामा टाइप करूनच आला होता.

"काल दुपारी पुन्हा तिच्याच पासवर्डनं चोरी झाली, तेव्हा ती माझ्याजवळ जेवत होती," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पाठीशी घालणारच!" सुमंत हसला. "अण्णा, माझ्याकडे साक्षीदार आहे. होसूरच्या गोदामातल्या गोजराबाई. या मुलीला पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्यापाशी रडल्या हो बिचाऱ्या!"

"मग बोलाव की त्यांना," अण्णा म्हणाले.

"तीच तर पंचाईत. रिटायर होऊन गावी गेल्या. फोनही लागत नाही तिथं."

बाईंनी टेबलावर अशी थाप मारली, की राजीनामा उडून सुमंतच्या मांडीवर पडला.

"साफ खोटं! गोजराबाई नावाची बाई आपल्याकडे कधी नव्हतीच. सोमवारी मी तिला जन्माला घातली, त्या खोट्या सर्व्हरवरच्या यादीत. होसूर गोदाम, वय साठ, निवृत्त. ती यादी चोराखेरीज कुणी उघडलेली नाही. आता सांगा सुमंत, ती तुमच्यापाशी रडली कुठं?"