अकरातली एक

आमच्याकडे मोटार होती असं सांगितलं की बाजारातल्या बायका अजून तोंडाला पदर लावतात. लावू दे. ठाण्याच्या खाडीवरच्या कोळ्याकडे विलायती गाडी, तीही अशी की जगात अकराच बनल्या, हे ऐकून मीसुद्धा हसले असते. पण होती. होडीच्या मांडवात, ताडपत्रीखाली, बारा-तेरा वर्षं होती. तिच्यापायी माझ्या घराचं काय झालं ते सांगते. मधे बोलू नका, माझा धागा तुटतो.

मी मालू. नवऱ्याचं नाव दामाजी, पण मी त्याला कान्ह्याचा बापूसच म्हणते. कान्हा आमचा एकुलता एक.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. खाडी तेव्हाच नासायला लागलेली. कंपन्यांचं पाणी यायचं, कधी तांबडं, कधी हिरवं. जाळ्यात चार बोटभर निवट्या, चिखलातले मासे, आल्या तर त्यांनाही रॉकेलचा वास. आमची होडी बंदरावर पालथी पडलेली. अशात एका दुपारी कल्याणकडच्या मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीचा शेठ ती गाडी घेऊन बंदरावर उतरला. कशाला, तर मागे खाडी दिसेल असा फोटो काढायला. हौस बघा माणसाची.

लाल रंगाची, कालवाच्या शिंपल्यासारखी चपटी गाडी. आत बसायचं तर माणसाला आधी वाकून नमस्कार करावा लागे. शेठचा ड्रायव्हर भिवा ओरडत होता, शेठ, भरती लागली, गाडी वर घ्या. शेठ म्हणे, एकच फोटो. त्या एका फोटोत चाकं चिखलात बसली आणि पाणी दरवाजाला लागलं. मग कुठं त्याला देव आठवला.

कान्ह्याच्या बापसाने कोळीवाड्यातली माणसं गोळा केली, होडीचे दोर लावले आणि छातीभर पाण्यात उभं राहून ती गाडी ओढून काढली. पण खारं पाणी इंजिनात गेलं ते गेलं. मुंबईचा मिस्त्री आला, बघून निघून गेला. म्हणाला, हिचा एक स्क्रूसुद्धा हिंदुस्थानात मिळायचा नाय. शेठचं मन उडालं. तो म्हणाला, "दामाजी, तू काढलीस ना, मग तूच ठेव." आणि असा हसला की जशी काय मेलेली म्हैस गळ्यात बांधली. मॅनेजर पाठवून कागद मात्र रीतसर नावावर करून दिले. वर म्हणाला, पोराला माझ्या कंपनीत लाव.

मी सरळ सांगितलं, आपल्याला दोन्ही नको. तर कान्ह्याचा बापूस माझ्यावरच डाफरला. "पोराला होडीवर बसवून काय मासळी काढू? चिखल काढू?" त्याचंही खोटं नव्हतं. पोटाला तर लागतंच.

भिवा जाता जाता एक सांगून गेला. म्हणाला, ही गाडी कोणाला लाभली नाय. पहिल्यांदा ती कुठल्या वकिलातीतल्या साहेबाने मुंबईत आणली. त्याची बायको त्याला टाकून गेली, गाडी लिलावात गेली. मग एका छोट्या संस्थानाच्या राजाने घेतली. त्याचे तनखे बंद झाले, गाडी वाड्यासमोर टायर बसलेल्या अवस्थेत उभी राहिली. तिथून सिनेमाला पैसे लावणाऱ्या एका माणसाकडे आली. त्याचा सिनेमा पडला आणि तो पंख्याला लटकलेला सापडला. मग शेठ. आता तुम्ही, असं म्हणून भिवाने हात जोडले. काय मेला बोलून गेला.

हे कान्ह्याच्या बापसाच्या मनात घर करून बसलं. आमच्यात जुनी होडी विकत घेतली की ती तशीच पाण्यात घालत नाहीत. सगळा रंग खरवडायचा, लाकूड उघडं करायचं. जुन्या मालकाचं नाव, खूण, जे काय असेल ते तासून काढायचं आणि नारळी पुनवेला नारळाबरोबर खाडीला द्यायचं. नायतर त्याची पीडा होडीवर बसूनच राहते. मग नवं नाव घालायचं, बहुतेक घरातल्या पोराचं. होडी आपली होते ती त्या दिवसापासून.

त्याने गाडीलाही तेच केलं. दुसरं काय करणार, त्याला दुसरं येत होतं काय? लाल रंग पत्र्यापर्यंत खरवडला. इंजिनाजवळ एक पितळी पट्टी होती, इंग्लिश अक्षरं आणि आकडे असलेली. ती उचकटून काढली. तिच्याखाली लोखंडी दांड्यावरही आकडे ठोकलेले. कानस घेऊन ते घासले, हात सुजेपर्यंत घासले, आणि त्या गुळगुळीत जागेवर छिन्नीने कान्ह्याचं नाव कोरलं. पट्टी नारळाबरोबर खाडीत गेली. सगळा वाडा बंदरावर होता, बायका गात होत्या. कान्हा लाजून माझ्या मागे उभा होता, मिसरूड फुटलेलं माझं पोर. बापूस त्याला म्हणाला, "आता ही तुझी. आता हिची पीडा गेली."

मग दरसाल तेच. पुनवेच्या आधी खरवडायची, खालून माशाचं तेल फासायचं, वर निळा रंग आणि पिवळा पट्टा. चालली कधी नाय. पण गंजलीही नाय. बाजूला आमची होडी किडून गेली आणि मोटार मात्र दर श्रावणात नवी. मी रागाने म्हणायचे, गाडीला तेल चोपडतोस, बायकोच्या टाचा बघ जरा.

कान्हा तिकडे खोपटच्या स्टँडवरून एसटी पकडून शीळफाट्यावरून मानपाड्याला जात होता. अॅसिडच्या खात्यात. पहिल्यांदा बनियन पिवळे पडले, मग विरले, मग खोकला लागला. काही वर्षांत माझं दणकट पोर जिन्याच्या चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभं राहायला लागलं. लग्न ठरलं होतं, पोरीकडच्यांनी खोकला ऐकला आणि निरोप पाठवला. कल्याणचा डॉक्टर म्हणाला, आत्ताच्या आत्ता हे काम सोडा, मोकळ्या हवेत राहा, अजून वेळ गेलेली नाय.

मोकळी हवा म्हणजे माझं माहेर. उत्तनला दर्या अजून जिवंत होता. माझा भाऊ म्हणत होता, मशीनची होडी घ्या, कान्ह्याला माझ्याबरोबर नेतो. पण मशीनची होडी काय झाडाला लागते? म्हणून पोरगं जातच राहिलं. रोज डबा भरताना मला वाटायचं, मी याला विष बांधून देतेय.

आणि मग शहाण्णव साली फणसळकर आले. नौपाड्यातले, रिटायर इंजिनिअर, पांढरा सदरा, बोलणं एकदम पुस्तकातलं. त्यांना अशा जुन्या गाड्यांचा नाद. त्या अकरा गाड्यांमधल्या दहांचा पत्ता जगाला माहीत होता, एकीचा नव्हता. वकिलातीतला साहेब, राजा, सिनेमावाला, शेठ असं माग काढत ते आमच्या दारात पोचले. मला म्हणाले, "मावशी, ही जर खरोखर तीच गाडी असेल तर तुम्ही दर्यावर एक सोडून दोन होड्या घालाल. परदेशातून एक गृहस्थ येणार आहेत. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची आहे."

त्या आठवड्यात आमच्या घरात काय होतं ते कसं सांगू. कान्ह्याने माझ्या भावाला उत्तनला फोन लावला, होडी बघून ठेव म्हणाला. रंग कुठला हवा त्यावरून बापलेक भांडले. किती वर्षांनी भांडले. मी देवीला नवस बोलले. कान्हा खोकायचा तरी मला त्याचा खोकला कमी वाटायचा.

गोरा आला तो दिवस रविवारचा. कान्ह्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. ताडपत्री काढली तर गोरा बराच वेळ नुसता बघतच राहिला. निळा रंग बघून फणसळकरांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, रंगाचं काही नाही, रंग पुन्हा देता येतो. गोऱ्याने गाडीवरून हात फिरवला, खाली वाकला, आत डोकं घातलं. त्याचे डोळे भरलेले मी बघितले. गाडी तीच होती. त्याने ओळखली होती.

मग फणसळकर टॉर्च घेऊन चांगल्या पँटीनिशी चिखलात गुडघ्यावर बसले. "नंबर इथेच असायला हवा," म्हणाले. टॉर्च एका जागी थांबला. 

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

कान्ह्याचा बापूस पुढे झाला. छाती काढून म्हणाला, "मीच. माझ्या पोराचं नाव हाय ते."

"आणि इथली पट्टी?"

"ती खाडीला दिली. नारळाबरोबर."

फणसळकरांनी ते गोऱ्याला इंग्लिशमधून सांगितलं. एवढंसं वाक्य, पण सांगायला त्यांना खूप वेळ लागला. गोरा चिडला नाय. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि आपल्यासारखे हात जोडले.

फणसळकर आम्हाला समजावत होते. अशा गाड्यांच्या नकला खूप होतात, हुबेहूब. नंबर हीच काय ती ओळख. तुमच्या कागदावर तो आहे, पण गाडीवर नाही. तो घासलेला दिसला की कोणीही म्हणणार, चोरीची नाहीतर बनावट. "तीच आहे हे मला पटतं, यांनाही पटतं. पण विकत घेणारं जग मानणार नाही. त्यांच्या लेखी अकरावी गाडी हरवलेलीच आहे, आणि ही बारावी. बारावीला किंमत नाही."

कान्ह्याचा बापूस म्हणाला, "पण जुनी खूण ठेवली असती तर पीडा राहिली असती ना, साहेब." फणसळकरांनी मान खाली घातली. मला तर त्या क्षणी नवऱ्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाय. मी चहा टाकला. चहा कोणी घेतला नाय.

ते गेल्यावर कान्हा मांडवात गेला, वाकून ते नाव बघत बसला. मग हसला, हसता हसता खोकला. "बाबा," म्हणाला, "माझंच नाव आडवं आलं की."  दुसऱ्या दिवशी कान्हा डबा घेऊन कामावर गेला.

त्यानंतर माझ्या नवऱ्याने एक नवीन वेड घेतलं. ओहोटी लागली की खाडीत उतरायचा. बारा वर्षांमागे टाकलेली पट्टी शोधायला. त्या चिखलात तोपर्यंत पायाची कातडी जळायची. घोट्यापर्यंत फोड आले, पिकले, तरी जायचा. हाताला लागायचे ते पत्र्याचे डबे, बाटल्या, लोकांनी सोडलेले नारळ. मी बंदरावरून शिव्या घालायचे. कान्हा सुट्टीच्या दिवशी तिथे बसून राहायचा, म्हणायचा, "बाबा, बस झालं, वर या." तो यायचा नाय.

सत्त्याण्णवच्या आषाढात कान्हा गेला. शेवटचे दिवस त्याला आडवं पडता यायचं नाय, मी त्याला पाठीला पाठ लावून बसवायचे. उत्तनला बघून ठेवलेली होडी भावाने दुसऱ्याला दिली होती, ते आम्ही त्याला सांगितलं नाय. शेवटपर्यंत विचारत होता, रंग दिला का.

श्रावण आला. कान्ह्याचा बापूस पुनवेच्या आधी मांडवात गेला. मीही गेले, कारण त्याच्या हातात छिन्नी आणि कानस होती. ज्याचं नाव आहे तो गेला की ते नाव होडीवर ठेवत नाहीत, तासून काढतात, खाडीला देतात आणि पुढच्याचं नाव घालतात. तो त्या दांड्यासमोर गुडघ्यावर बसला, जिथे फणसळकर बसले होते तिथेच.

"काढावं लागेल," म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "नायतर त्याला त्रास होईल."

मी म्हटलं, "काढ. पण मग त्या जागी कोणाचं घालणार ते सांग."

त्याने कानस नावावर ठेवली. बराच वेळ ती तशीच धरून होता. मग खाली ठेवली आणि तेलाच्या फडक्याने ते नाव पुसायला लागला, अक्षर अक्षर, कोपऱ्यात गंज राहू नये म्हणून.