फेस्टीच्या नावानं हरकत

आमच्याकडे शेजाऱ्याची बायको पळवलीत तर लोक दहा वर्षांत विसरतात. शेजाऱ्याच्या घर बांधायच्या परवानगीला हरकत घेतलीत, तर चर्चमध्ये तुमच्या नातवालाही कुणी हात मिळवत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी हरकत घेतली ती फेस्टी रुआनच्या नावानं.

कारण सांगते, आणि त्यात स्वतःला चांगलं दाखवायचा माझा इरादा नाही. आमच्या क्लूनकारा गावच्या रस्त्यावर कौन्सिल आणखी एकच घर होऊ देणार, हे सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यालगतचं शेत डॅडींनी मला कबूल केलं होतं. त्या भरवशावर मी बर्मिंगहॅमची नोकरी सोडली, नऊ वर्षं आईचं हगणंमुतणं काढलं, जिन्याखालच्या खोलीत झोपले. आई गेली आणि महिन्याभरात डॅडींनी ते शेत माझ्या धाकट्या भावाला, कोलमनला देऊन टाकलं. त्याला गुरं, ट्रॅक्टर, बाकीची जमीन आधीच मिळालेली. त्यानं लगेच तिथे घर बांधायच्या परवानगीसाठी अर्ज केला.

"तुला एकटीला घर कशाला हवंय?" डॅडी म्हणाले. "आहे की ती खोली."

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. दोघांचेही गळे दाबावेत असं वाटलं.

फेस्टी समोरच राहायचा, साठी ओलांडलेला सडाफटिंग. त्याला वाचता येत नाही हे फक्त मला माहीत होतं. त्याचे गुरांच्या अनुदानाचे फॉर्म मीच भरायची आणि सही करायची तिथे बोट ठेवायची. त्याची विहीर त्या शेताच्या उताराखाली होती. कोलमनच्या सेप्टिक टँकचं पाणी विहिरीत झिरपेल, असं मी हरकतीच्या अर्जात लिहिलं. ते खोटंही नव्हतं. फेस्टीनं बोटापाशी सही केली आणि मला सहा अंडी दिली. पुढे कौन्सिलची पत्रं आली तीही तो माझ्याकडेच घेऊन आला. गुरांच्या तपासणीची आहेत असं सांगून मी ती ठेवून घेतली.

हरकतीची फाइल कुणालाही बघता येते. कोलमननं नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी फेस्टीच्या फाटकावर पोट फाडलेलं कोकरू टांगलेलं होतं.

"कोल्ह्याचं काम असेल का गं पोरी?" त्यानं मला विचारलं. तो थट्टा करत नव्हता. कोल्हा दोरीला गाठ मारत नाही हे त्यालाही कळत होतं, पण आपलं कुणी वाईट करेल हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

कौन्सिलनं हरकत फेटाळली. तिथे मी थांबायला हवं होतं. पण वर डब्लिनच्या कचेरीत अपील करता येतं, आणि मी ते केलं, पुन्हा त्याच्याच सहीनं. मग कोलमननं फेस्टीच्या कुत्रीला गोळी घातली. भर दुपारी, अंगणात, फेस्टीच्या समोर.

"मेंढरांमागे लागली होती," तो म्हणाला.

कुत्री तेरा वर्षांची होती, तिला उठतानाच धाप लागायची. खड्डा मी फेस्टीबरोबर खणला. खणताना सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

ऑक्टोबरात डब्लिनचा निकाल आला. परवानगी रद्द. कोलमननं न्याहारीच्या टेबलावर पत्र वाचलं आणि सॉसेजची बशी भिंतीवर फोडली.

"तीन वर्षं दोन लेकरं घेऊन मी परसातल्या त्या पत्र्याच्या डब्यात राहून कुजतोय," तो म्हणाला. "आणि त्या म्हाताऱ्याला पाण्याची काळजी."

तो निघाला. डॅडी काठी घेऊन मागे गेले. त्याला आवरायला जातायत असं मला वाटलं. मीही मागोमाग गेले.

फेस्टी गोठ्यामागे कालवडींना औषध पाजत होता. कोलमननं कुंपणाचा खांब उपसला आणि पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

"काय केलं मी, कोलमन?" फेस्टीनं विचारलं. त्या प्रश्नानं कोलमन आणखीच पिसाळला. दुसरा घाव डोक्याच्या बाजूला बसला. मग बूट, तोंडावर, बरगड्यांवर. दात चिखलात पडले. कोलमननं त्याला कॉलर धरून गुरांच्या हौदापाशी ओढलं आणि डोकं पाण्यात दाबलं.

"पाण्याची काळजी ना तुला? पी."

डॅडी फेस्टीच्या फाटकात आडवे उभे होते. मला आत जाऊ देईनात.

"डॅडी, त्याला थांबवा. ते सगळं मी लिहिलंय. फेस्टीला वाचतासुद्धा येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरं वाटलं, ते मला दिसलं.

"ते त्यानंच लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "माझ्या पोरानं काही न केलेल्या माणसाला मारलं, हे मला ऐकायचं नाही. शेत तुला देतो, डिंफना. तोंड बंद ठेव."

मी त्यांना ढकललं आणि कोलमनच्या हाताला लोंबकळले. त्याच्या कोपरानं माझं नाक मोडलं. माझं रक्त त्याच्या अंगावर उडालं तेव्हा तो भानावर आला. मी फेस्टीचं डोकं बाहेर ओढलं. तो निळा पडला होता, शुद्ध नव्हती. शेजारी गुडघे टेकून मी त्याच्या तोंडात फुंकत राहिले, मग त्याला उलटी झाली. आता तो मरणार नव्हता. तरी अर्ज मी लिहिला होता हे मी कोलमनला सांगितलं नाही. शेत तुला देतो, हे डॅडींचे शब्द माझ्या डोक्यात बसले होते.

कालवडीनं चिरडलं, असं आम्ही तिघांनी पोलिसांना सांगितलं. शुद्धीवर आल्यावर फेस्टीनंही तेच सांगितलं. शेजाऱ्याचं नाव पोलिसांना द्यायचं नसतं, हे त्यालाही पाठ होतं.

डॅडींनी शब्द पाळला. वसंतात शेत माझ्या नावावर झालं. कोलमन बायकोपोरांना घेऊन शहरात भाड्यानं राहायला गेला. मी घर वरच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब दाखवलं आणि शेताच्या फाटकावर अर्जाची सूचना लावली. ज्याला हरकत घ्यायची त्याला पाच आठवडे.

तिसऱ्या आठवड्यात फेस्टी एका हातानं कुबडी टेकत फाटकापाशी आला, दुसरा हात लुळा पडलेला.

"तुझं घर होणार म्हणतात," तो म्हणाला.

"हो."

"बरं झालं. त्या दिवशी तू नसतीस तर मी हौदातच गेलो असतो. आता कुणी तुझ्या घराला हरकत घेतली ना, मला फक्त नाव सांग. एक हात अजून चालतो माझा."

त्याला दात नव्हते, तरी तो हसत होता. मला ते हसू सहन होईना.

"फेस्टी," मी फाटकाकडे बघत म्हणाले, "कोलमनच्या घराला हरकत मी घेतली होती. तुमच्या नावानं. सही तुमची घेतली, मजकूर माझा होता."

तो तसाच हसत होता.

"त्या बाजूचा कान गेला गं माझा," तो म्हणाला. "अशी इकडून ये आणि मोठ्यानं सांग."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जात होता. तो जाईपर्यंत मी थांबले. मग मी त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्यानं.